दोन बार, पण कुठून मोजलेले? गेज दाब आणि निरपेक्ष दाब

सायझिंग मशीनच्या, म्हणजे सुताला खळ लावणाऱ्या यंत्राच्या, इंग्रजी मॅन्युअलमध्ये सूत सुकवणाऱ्या सिलिंडरसाठी वाफेचा दाब समजा '२ बार' दिला आहे. कामगारांसाठी त्याचा मराठी तक्ता करून भिंतीवर लावायचा आहे. बारचे किलो (प्रति चौरस सेंटिमीटर) करायचे की पौंड (प्रति चौरस इंच), ते कॅल्क्युलेटर क्षणात करून देतो. पण त्याआधी एक गोष्ट विचारायला हवी, आणि ती बहुतेक वेळा विचारली जात नाही. हे दोन बार कुठल्या शून्यापासून मोजले आहेत?

दाब मोजायला शून्य दोन आहेत. गेज दाबाचा शून्य म्हणजे आपल्या भोवतीच्या हवेचा दाब. निरपेक्ष, म्हणजे ॲब्सोल्यूट दाबाचा शून्य म्हणजे संपूर्ण निर्वात, जिथे हवेचा एक कणही नाही. दोन्हींत फरक पडतो तो त्या ठिकाणच्या हवेच्या दाबाएवढा. समुद्रसपाटीला हा दाब १.०१३ बार धरतात, म्हणजे १४.७ पौंड किंवा पाऱ्याचे ७६० मिलिमीटर. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंच आहे. इथे हवेचा दाब ०.९६ बारच्या आसपास असतो, म्हणजे सुमारे १३.९ पौंड किंवा ७२० मिलिमीटर पारा.

आता त्या दोन बारांकडे पाहू. ते निरपेक्ष असतील तर संपृक्त वाफेचे, म्हणजे उकळत्या पाण्याबरोबर असलेल्या वाफेचे, तापमान सुमारे १२० अंश सेल्सिअस. ते गेजवरचे असतील तर सोलापुरात खरा दाब २.९६ बार होतो आणि वाफ १३३ अंशांवर जाते. आकडा तोच, एककही तेच, पण सुताला लागणारी उष्णता तेरा अंशांनी वेगळी. दाब जसा कमी, तसा हा गोंधळ मोठा. अर्ध्या बारला निरपेक्ष वाफ ८१ अंशांची, तर गेजवरची ११० अंशांची. दहा बारांवर मात्र फरक जेमतेम चार अंशांचा उरतो. बॉयलर हाऊसमध्ये वर्षानुवर्षे न जाणवलेली चूक ड्रायरवर किंवा साखरेचा पाक उकळवणाऱ्या पॅनवर एकदम नडते, त्याचे कारण हेच.

साधा गोल काट्याचा गेज नेहमी फरकच दाखवतो, कारण त्याची रचनाच तशी आहे. फ्रान्सच्या युजेन बुर्दों यांनी १८४९ मध्ये पेटंट घेतलेली वाकडी, चपट्या पोटाची नळी आजही त्याच्या आत असते. नळीत वाफ किंवा हवा शिरली की ती सरळ होऊ पाहते आणि काटा ओढते. पण नळीच्या बाहेरून मोकळी हवा दाबत असतेच, म्हणून आतला दाब वजा बाहेरचा दाब एवढेच काट्यावर उमटते. टायर पूर्ण बसला तरी त्यात हवा असतेच, गेज मात्र शून्य दाखवतो. टायरमधली 'तीस पौंड हवा', कॉम्प्रेसरवरचे सात बार, बॉयलरवरचे किलो हे सगळे गेजचे आकडे. वाफेचे तक्ते (कुठल्या दाबाला वाफ किती अंशांची, ते सांगणारे), हवामान खात्याचा दाब आणि वायूंची सगळी सूत्रे निरपेक्ष दाबावर चालतात. गेजवरचा आकडा जसाच्या तसा वाफेच्या तक्त्यात शोधणे ही माझ्या मते सर्वांत जास्त होणारी चूक आहे.

सोलापूर साखरेचाही जिल्हा आहे, आणि व्हॅक्यूम पॅनवर ही गोष्ट जितकी स्पष्ट दिसते तितकी दुसरीकडे कुठे दिसत नाही. जास्त तापमानाला उकळला तर पाक काळपट होतो आणि साखर वाया जाते, म्हणून पॅनमधली हवा ओढून घेऊन तो कमी तापमानाला उकळवतात. पॅनवरचा गेज मोजतो बाहेरच्या हवेपासून खाली, 'इतके मिलिमीटर व्हॅक्यूम' असे. समजा समुद्रकाठच्या कारखान्यासाठी लिहिलेल्या पुस्तिकेत ६५० मिलिमीटर व्हॅक्यूम दिले आहे. तिथे ७६० मधून ६५० गेले, पॅनमध्ये ११० मिलिमीटर निरपेक्ष दाब राहिला, आणि एवढ्या दाबाला पाणी साधारण ५३-५४ अंशांना उकळते. पाक त्याहून काही अंश वर. तेच ६५० सोलापुरात ठेवले तर ७२० मधून वजा होऊन उरतात फक्त ७० मिलिमीटर, आणि पाणी ४५ अंशांच्या आतच उकळते. पाक जास्त थंड आणि चिकट राहतो, पंपावरचा भार वाढतो, आणि पॅनमन बिचारा पुस्तिकेतला आकडा गाठला म्हणून निर्धास्त. त्या पुस्तिकेचा सोलापूरसाठीचा खरा अनुवाद '६१० मिलिमीटर' असा आहे. पॅनमध्ये पोचायला हवा तो ११० मिलिमीटरचा निरपेक्ष दाब, आणि इथल्या हवेत तो ६१० वरच मिळतो. इथल्या पॅनवर काटा ७६० ला कधीच पोचणार नाही, पंप कितीही चांगला असला तरी.

कारखान्याच्या सहवीज प्रकल्पात, म्हणजे वाफेपासून वीजही करणाऱ्या विभागात, तर दोन्ही शून्ये एकाच छताखाली असतात. टर्बाइनच्या कागदांवर दाब 'एटीए'मध्ये असतो, म्हणजे तांत्रिक ॲटमॉस्फिअरमध्ये (एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर), आणि त्यातला शेवटचा 'ए' निरपेक्ष असल्याचा. बॉयलरच्या गेजवर असतो किलो प्रति चौरस सेंटिमीटर, हवेपासून मोजलेला. मोजमापाचा आकार एकच, शून्य मात्र एका किलोने सरकलेले. मोठ्या दाबाला याने फार बिघडत नाही. टर्बाइनमधून पाकगृहाकडे जाणाऱ्या एक्झॉस्ट वाफेला मात्र बिघडते, कारण तिचा दाब दोन-अडीच किलोंचाच असतो.

एककांच्या रूपांतराबद्दलही एक सांगायला हवे. लहान बॉयलरच्या पाटीवर १०.५४ किलो हा विचित्र आकडा नेहमी भेटतो. तो मुळात १५० पौंडांचा गोल आकडा, किलोत उतरवल्यावर असा दिसतो. बारमध्ये नेला तर १०.३४ होतो. तिथे सोयीसाठी 'साडेदहा बार' लिहिणे म्हणजे पाटीवरच्या मर्यादेपेक्षा वर जाणे, आणि सेफ्टी व्हॉल्व्हच्या बाबतीत असे वर जाणे अजिबात चालणार नाही. गोल करायचेच असेल तर खालच्या बाजूला.

कुठल्या शून्यापासून, ही अडचण इंग्रजी मॅन्युअल स्पॅनिशमध्ये नेणाऱ्यालाही येते. इंग्रजीत 'पीएसआय'च्या (पौंड प्रति चौरस इंच) शेपटाला गेजचा 'जी' किंवा ॲब्सोल्यूटचा 'ए' चिकटवून काम भागते. स्पॅनिशमध्ये 'पौंड प्रति चौरस इंच' असे लिहिले की ते अक्षर गळून पडण्याची भीती असते, म्हणून काळजी घेणारा अनुवादक दाबाच्या नावातच मानोमेत्रिका (गेज) किंवा अब्सोलुता (निरपेक्ष) हा शब्द घालतो. आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीचे नियमही हेच सांगतात. एककाच्या चिन्हाला जादा अक्षरे जोडू नयेत, मोजलेल्या राशीच्या नावातच ती माहिती द्यावी. मराठीतही मला हेच योग्य वाटते. 'गेज दाब : २ बार' किंवा 'निरपेक्ष दाब : २ बार' असे सरळ लिहिले तर रात्रपाळीच्या माणसाला फोन करून विचारावे लागत नाही. स्पेनमधून आलेल्या मशीनच्या पाटीवर '६,५ बार' दिसले तर तो स्वल्पविराम दशांश चिन्हाचा आहे, हेही तक्ता करणाऱ्याने ध्यानात ठेवावे. तिकडचे '१,०१३ बार' आपल्याकडे एक हजार तेरा वाचले जाऊ शकते.

कागद हरवला असेल आणि डिजिटल सेन्सर कुठल्या जातीचा आहे हे कळत नसेल, तर लाइन बंद करून, दाब पूर्ण उतरवून सेन्सर मोकळ्या हवेला उघडा. शून्य दाखवले तर तो गेज जातीचा. सोलापुरात ०.९६ च्या आसपास दाखवले तर निरपेक्ष. तिसरा एक प्रकार असतो, सील्ड गेज. त्याच्या पोटात समुद्रसपाटीची हवा कायमची बंद केलेली असते, म्हणून इथे उघड्यावर तो उणे ०.०५ बार दाखवतो. तो बिघडलेला नसतो. फेकून देण्याआधी एवढी वजाबाकी जरूर करा.