स्लिंगशॉट (बेचकी, गलोल)

स्लिंगशॉट : दोन फाट्यांच्या बेचक्याला रबराच्या पट्ट्या बांधून, त्या ताणून खडा किंवा गोळी मारण्याचे हातातले साधन. मराठीत त्याला बेचकी, गलोल किंवा गलोली म्हणतात. स्लिंगशॉट हे नाव अमेरिकन इंग्रजीतले आहे. ब्रिटनमध्ये त्यालाच कॅटापल्ट आणि ऑस्ट्रेलियात शांघाय म्हणतात.

स्लिंग म्हणजे गोफण आणि शॉट म्हणजे मारा. हा जोडशब्द अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला वापरात आला. त्यातला स्लिंग हा भाग जर्मानिक कुळातला असून प्राचीन नॉर्स भाषेत याच मुळाचे स्लिंग्वा हे भिरकावणे या अर्थाचे क्रियापद आहे. बेचकीत मात्र भिरकावण्यासारखे काही नसते. हात स्थिर राहतो आणि सगळे काम रबर करते. तरीही नावावरून बेचकी गोफणीइतकी जुनी मानली जाते. मुलांच्या पुस्तकांतील काही चित्रांत गोल्याथ या धिप्पाड योद्ध्याला मारणाऱ्या डेव्हिडच्या हाती बेचकी दाखवलेली असते, ते चूक आहे. बायबलमधील डेव्हिडजवळ होती ती गोफण.

गोफण फार प्राचीन. इजिप्तमध्ये तुतानखामनच्या थडग्यात विणलेल्या गोफणी सापडल्या आहेत. इ. स. पू. ७०१ मध्ये असिरियन सैन्याने यहुदा राज्यातील लाखीश या शहराला घातलेल्या वेढ्याच्या शिल्पपटांत गोफणकरी स्पष्ट दिसतात. भूमध्य समुद्रातील बॅलिॲरिक बेटांवरचे गोफणकरी रोमन सैन्यात नावाजलेले होते. ग्रीक गोफणकरी शिशाचे गोळे वापरत आणि त्यांतल्या काहींवर ‘घे’ अशा अर्थाचा शब्द कोरलेला आढळतो. गोफणीच्या दोरीचे एक टोक बोटात अडकवायचे, दुसरे चिमटीत धरायचे, मधल्या खोळीत गुंडा (गोल दगड) ठेवून ती फिरवायची आणि नेमक्या क्षणी चिमटीतले टोक सोडायचे. दोरीमुळे हाताची लांबी वाढते आणि गुंड्याचा वेगही वाढतो. तो नेमका क्षण साधायला मोठा सराव लागतो.

बेचकीचा जन्म रबराशी बांधलेला आहे. कच्चे रबर उन्हात चिकट होते, थंडीत कडक होते. चार्ल्स गुडइयरने गंधक आणि उष्णता वापरून त्यावर उपाय शोधला आणि १८४४ मध्ये अमेरिकेत त्याचे एकस्व (पेटंट) घेतले. ताणून सोडल्यावर पुन्हा पूर्ववत होणारे टिकाऊ रबर तेव्हापासून सर्वत्र मिळू लागले. त्याआधी आजच्यासारखी बेचकी असणे शक्यच नव्हते.

या नव्या वस्तूसाठी वेगवेगळ्या भाषांनी जुन्याच शस्त्रांची नावे घेतली. अमेरिकनांनी गोफणीचे घेतले. ब्रिटिशांनी वेढ्याच्या यंत्राचे घेतले; कॅटापल्ट हा शब्द फेकणे या अर्थाच्या ग्रीक क्रियापदापासून आला आहे. मराठीतील गलोल आणि हिंदीतील गुलेल यांचे मूळ गोळी या अर्थाच्या फारसी शब्दात आहे आणि गलोल पूर्वी मातीच्या गोळ्या मारणाऱ्या धनुष्याला म्हणत. मला बेचकी हेच नाव सर्वांत नेमके वाटते, कारण ते वस्तूच्या आकारावरूनच पडले आहे.

स्लंगशॉट हे मात्र वेगळेच हत्यार. दोरीच्या टोकाला बांधलेला हा जड गोळा जवळून मारण्यासाठी वापरतात. १८५८ मध्ये अब्राहम लिंकनने वकील म्हणून लढवलेल्या प्रसिद्ध खून-खटल्यात याच हत्याराचा उल्लेख होता. दोन्ही शब्दांच्या उच्चारसाम्यामुळे कायद्याच्या भाषेतही गोंधळ होतो.

साधी बेचकी करायला झाडाची मजबूत दुफाटी फांदी, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या दोन सारख्या पट्ट्या आणि खडा धरायला चामड्याचा तुकडा पुरतो. पट्ट्या ताणताना हाताने केलेले काम रबरात साठते आणि सोडताच खड्याला मिळते. मात्र त्यातला काही भाग पट्ट्यांनाच पुढे ढकलण्यात खर्च होतो. म्हणून जाड पट्टी लावली की वेग वाढतोच असे नाही. हलक्या गोळीसाठी पातळ, टोकाकडे निमुळत्या होत गेलेल्या पट्ट्या अधिक चांगल्या. दोन्ही पट्ट्यांची लांबी सारखी नसेल, तर नेम एका बाजूला जातो. रबर उन्हाने तडकते आणि बहुधा गाठीजवळ तुटते. तुटलेली पट्टी थेट डोळ्याकडे येऊ शकते, त्यामुळे पट्ट्या तपासणे आणि चष्मा लावणे आवश्यकच आहे. नेमबाजीच्या आधुनिक बेचक्यांत लॅटेक्स रबर आणि पोलादी गोळ्या असतात. काहींना मनगटाचा आधार जोडलेला असतो. तो जोर इतका वाढवतो की जर्मनीत अशा बेचक्यांवर बंदी आहे.

अंतराळविज्ञानातही हा शब्द रूढ आहे. ग्रहाजवळून जाताना यान त्याच्या गुरुत्वाकर्षणाने वळते आणि ग्रहाच्या कक्षेतील गतीतला अत्यल्प वाटा घेऊन पुढे जाते. याला ग्रॅव्हिटी स्लिंगशॉट म्हणतात. व्हॉयेजर २ गुरू, शनी आणि युरेनस यांच्याजवळून असे वळत १९८९ मध्ये नेपच्यूनपाशी पोहोचले. मात्र यात वेग नेहमी वाढतोच असे नाही. मरिनर १० ने फेब्रुवारी १९७४ मध्ये शुक्राजवळून जाताना सूर्याभोवतीचा आपला वेग कमी केला, तेव्हाच त्याला बुधाकडे जाता आले.