क्लाउडमधील क्षमता-व्यवस्थापन

क्लाउडवर, म्हणजे कंपन्यांच्या इंटरनेटवरून वापरायच्या सर्व्हरवर, शेकडो किंवा हजारो व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरने उभे केलेले आभासी संगणक) भाड्याने चालवताना ती कोणत्या प्रकारची, किती, कुठल्या झोनमधली (डेटासेंटरच्या कुठल्या स्वतंत्र गटातली) आणि किती वेळ ठेवायची, हे ठरवण्याचे आणि मागणीनुसार सतत बदलण्याचे काम. ॲमेझॉनने २००६ साली ईसी२ ही सेवा खुली केल्यापासून मशीन तासाच्या भाड्याने मिळू लागली. महाराष्ट्रात मायक्रोसॉफ्टच्या अझुर या क्लाउड सेवेचे रिजन (एका भागातल्या डेटासेंटरांचा समूह) पुण्यात २०१५ पासून, तर ॲमेझॉनचे मुंबईत २०१६ पासून आहे.

क्लाउडला अंत नाही, हा समज मोडायला हवा. प्रत्येक व्हर्च्युअल मशीन कुठल्यातरी खऱ्या सर्व्हरवरच चालते, आणि एका झोनमध्ये एका प्रकारचे सर्व्हर मोजकेच असतात. ते संपले की मागणी नाकारली जाते. याची कोट्याशी फार गल्लत होते. कोटा म्हणजे ग्राहकाच्या खात्यावरची मर्यादा. ती अर्ज करून वाढवून मिळते. पण कोटा शिल्लक आहे म्हणून मशीन मिळेलच असे नाही. हमखास हवे असेल तर क्षमता आधी राखून ठेवावी लागते, आणि ती वापरली नाही तरी तिचे भाडे भरावे लागते.

पडून असलेली क्षमता ‘स्पॉट’ म्हणून ९० टक्क्यांपर्यंत सवलतीत मिळते. मात्र गरज पडताच कंपनी ती काढून घेते. सूचना मिळते ती ॲमेझॉनवर दोन मिनिटे, अझुरवर जेमतेम ३० सेकंद आधी. म्हणून मधेच थांबले तरी चालेल असेच काम तिथे टाकावे, आणि मशीनचे अनेक प्रकार व अनेक झोन चालतील अशी सोय ठेवावी. एकाच प्रकारावर अडून बसणाऱ्याची अडचण आधी होते.

भार वाढला की मशीन आपोआप वाढवणारे ऑटोस्केलिंग ॲमेझॉनवर २००९ पासून आहे. रोजच्या चढउताराला ते पुरते. क्रिकेटच्या गर्दीला नाही, कारण नवे मशीन उभे राहून कामाला लागेपर्यंत काही मिनिटे जातात. जुलै २०१९ मध्ये विश्वचषकाच्या भारत-न्यूझीलंड उपांत्य सामन्याला हॉटस्टारवर एकाच वेळी २.५३ कोटी प्रेक्षक होते. तिथल्या अभियंत्यांनी दर दहा लाख प्रेक्षकांमागे किती सर्व्हर लागतात ते आधीच मोजले होते, आणि प्रेक्षकसंख्या पाहून हे अभियंते मशीन वेळेआधी वाढवत.

उतरता भार त्याहून फसवा. त्याच सामन्यात धोनी धावबाद झाला आणि प्रेक्षक सामना सोडू लागले. पण बाहेर पडणारे अनेक जण ॲपच्या मुखपृष्ठावर येतात, त्यामुळे व्हिडिओचा भार घटत असताना मुखपृष्ठाच्या सर्व्हरवरचा भार वाढतो. त्या क्षणी आकडा पडला म्हणून सगळीकडची मशीन कमी केली, तर ॲपच बंद पडण्याची भीती असते.