नाथसागरातली झाडांची बेटं

पैठणच्या जायकवाडी धरणाचं लोकार्पण १९७६ साली झालं. गोदावरीच्या सपाट खोऱ्यातला सुमारे ३५० चौरस किलोमीटरचा पट्टा पाण्याखाली गेला. या धरणाचा जलाशय म्हणजे नाथसागर. तो उथळ आहे, म्हणून मूळचे उंचवटे पुरते बुडाले नाहीत. सुमारे ३० बेटं होऊन वर राहिले. १९८६ साली हा परिसर पक्षी अभयारण्य झाला.

पाण्याकाठच्या झाडांत बाभळीला तोड नाही. काळ्या मातीत, महिनोन्महिने बुडखा पाण्यात असला तरी ती तग धरते. बगळे, वंचक, पाणकावळे घरट्यासाठी अशीच जागा धुंडाळतात: काटेरी फांद्या, भोवती पाणी आणि हाकेच्या अंतरावर मासळी. वसाहत दाट झाली की बाभळीखालचं दृश्य बघण्यासारखं असतं. चुन्याचा हात मारावा तसं खोड पांढरं, काट्यांत अडकलेल्या काड्या, खाली पिल्लांच्या तोंडून निसटलेले मासे आणि नाकात जाणारा उग्र दर्प. पाण्यातलं नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) मासळीवाटे पक्ष्याच्या पोटात, तिथून विष्ठेवाटे बेटाच्या मातीत उतरतं. झाड त्यावर पोसतं. मात्र विष्ठेचा मारा अति झाला तर पानं करपतात आणि झाड वाळतंही.

हीच देवाणघेवाण अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या उपोष्ण एव्हरग्लेड्स दलदलीत हजारो वर्षं चालू आहे. गवताळ, संथ वाहत्या पाण्यात तिथे झाडांची बेटं आहेत. प्रवाहाच्या दिशेने लांबट, थेंबाच्या आकाराची. उंच डोक्याकडे अंजीरवर्गीय झाडं वाढतात, सखल शेपटीकडे पाणी सोसणारी झुडपं. भोवतालची दलदल स्फुरदाच्या बाबतीत अगदी गरीब, आणि काही बेटांच्या डोक्याकडच्या मातीत मात्र ते शंभरपटीहून जास्त! पक्ष्यांची विष्ठा हे एक कारण. दुसरं कारण मला अधिक विलक्षण वाटतं: झाडं पानांवाटे पाणी उडवतात, तेव्हा भूजल मुळांकडे ओढलं जातं आणि त्यातले क्षार तिथेच साचतात. म्हणजे झाडं आपल्या पायाखालची जमीन स्वतःच घडवतात.

नाथसागराच्या बेटांना अजून तेवढा काळ मिळालेला नाही, आणि इथलं पाणी स्थिरही नसतं. नाशिक-नगरकडे पाऊस झाला, वरच्या धरणांतून पाणी आलं की बेटं आक्रसतात. उन्हाळ्यात पाणी मागे हटतं, उघड्या गाळावर शेतकरी गाळपेर करतात आणि काही बेटं काठाला जोडली जातात. मग कुत्री, कोल्हे, शेरडं सरळ चालत आत येतात. २०१६ च्या दुष्काळात तर धरणाचा जिवंत साठाच, म्हणजे वापरता येणारं पाणीच, संपला होता.

याचा सर्वांत मोठा फटका जमिनीवर अंडी घालणाऱ्यांना बसतो. नदी सुरय हा पिवळ्याधमक चोचीचा, काळ्या टोपीचा पक्षी. ऐन उन्हाळ्यात तो बेटावरच्या उघड्या रेताड जागी साध्या खळग्यात अंडी घालतो. आईबाप आळीपाळीने त्यांवर बसतात ते ऊब देण्यापेक्षा सावलीसाठी. त्यामुळे मार्च ते मे या काळात होडी बेटाला लावून उतरू नये. पक्षी उठला की उन्हात अंडी थोड्याच वेळात निकामी होतात, नाहीतर कावळे नेतात. पक्षी बघायला डिसेंबर-जानेवारी उत्तम. तेव्हा चक्रवाक आलेले असतात आणि काठावरून दुर्बिणीनेही भरपूर दिसतं.