जॉबर पद्धत

मुंबईच्या कापड गिरण्यांत कामगारांची भरती, देखरेख व शिस्त मध्यस्थाकडे सोपवणारी व्यवस्था. या मध्यस्थास जॉबर किंवा मुकादम म्हणत. बायका अधिक असलेल्या खात्यांत नायकीण असे.

कावसजी दावर यांनी 1854 मध्ये मुंबईतील पहिली सूतगिरणी काढली. जॉबर पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत पक्की रुळलेली दिसते. ती का आली, याविषयी मतभेद आहेत. खेड्यांतून माणसे आणायला मध्यस्थ लागला, असा जुन्या लेखनाचा सूर. आर्थिक इतिहासकार मॉरिस डी. मॉरिस यांच्या मते मजुरांची टंचाई मुळात नव्हतीच. जॉबर लागला तो खात्यातील शिस्तीसाठी. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी बाजारातील चढउतारांवर भर दिला. मागणीप्रमाणे माणसे घटवायची-वाढवायची, तर वस्तीत वजन असलेला माणूस हवा. गिरणगावातील गाववाल्यांचे गाळे (एकत्र राहण्याच्या खोल्या), खानावळी आणि उधारी ध्यानात घेता हे मत अधिक पटते. मात्र याच कारणाने जॉबरची सत्ता निरंकुशही नव्हती. वस्तीतील पत सांभाळण्यासाठी संपात त्याला कामगारांकडे झुकावे लागे.

पाळीच्या सुरुवातीला खाडे पाहून तो दरवाजाशी ताटकळणाऱ्यांतून बदली कामगार उचली. नोकरी मिळण्यासाठी, आणि टिकण्यासाठीही, कामगारांना जॉबरच्या हाती दस्तुरी (लाचवजा दलाली) ठेवावी लागे. तो केवळ हुकूम सोडणारा नव्हता, हे बऱ्याचदा विसरले जाते: साचा (माग) अडला की पान्हा घेऊन तोच जुळणी करी.

एका विणकराकडे दोनाऐवजी तीन साचे देण्यासारख्या ‘कार्यक्षमता’ योजना 1928 च्या सार्वत्रिक संपामागील एक प्रमुख कारण ठरल्या. भारतातील कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटली आयोगाने 1931 च्या अहवालात भरती जॉबरच्या हातून काढून कामगार अधिकाऱ्याकडे देण्याची शिफारस केली. गिरणी मालक संघाच्या 1935 च्या बदली नियंत्रण योजनेत दर महिन्याच्या 1 तारखेस ठराविक लोकांना बदली कार्डे मिळत. त्यांनी रोज सकाळी गिरणीत हजर व्हायचे आणि खाडे त्यांच्यातूनच भरायचे, असा नियम होता. जॉबरची दस्तुरी त्यामुळे एकदम थांबली असे मानण्याचे कारण नाही.

पुढे 1948 च्या कारखाने अधिनियमाने 500 किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांत कल्याण अधिकारी बंधनकारक केला. बदली कामगार मात्र राहिलेच. त्यांना कायम करण्याची मागणी 1982 च्या गिरणी संपातही होती.