एअरब्रश घेताय? आधी कॉम्प्रेसरकडे बघा

स्केल मॉडेल किंवा मिनिएचर रंगवणारी मंडळी पहिला एअरब्रश, म्हणजे हवेच्या झोताने रंग फवारणारा पेनसारखा ब्रश, घेताना नोझलच्या (रंग सुटतो त्या तोंडाच्या) आकड्यांचा कीस पाडतात आणि त्याला दाबाची हवा पुरवणारा कॉम्प्रेसर मात्र त्यासोबत मिळेल तो उचलतात. माझ्या मते क्रम उलटा हवा. साधारण बऱ्या एअरब्रशला चांगली हवा मिळाली तर तो छान चालतो. वाईट हवेवर महागडाही रुसतो.

एअरब्रशच्या नोझलमध्ये एक निमुळती सुई बसलेली असते. ती मागे सरकली की भोवती बारीक फट उघडते आणि रंग बाहेर येतो. नोझलभोवतीच्या कड्यातून हवा जोरात सुटत असते. तिच्यामुळे टोकाशी दाब कमी होऊन रंग ओढला जातो आणि तिच्याच झोताने त्याचे बारीक थेंब होतात. नोझलपाशी पोचलेला दाब वातावरणापेक्षा साधारण 13 पीएसआयने (पौंड प्रति चौरस इंच) जास्त झाला, की सगळ्यात अरुंद जागी हवा ध्वनीच्या वेगाने धावते! त्यापुढे दाब वाढवला तरी त्या जागचा वेग वाढत नाही, हवाच जास्त सुटते. मग रंग वाटेतच सुकतो, नाहीतर पृष्ठभागावर पडलेला ओला रंग चहूकडे फाकतो. बारीक कामाला 15 ते 25 पीएसआय पुरतात ते यामुळेच. तेव्हा कॉम्प्रेसर किती दाब देऊ शकतो यापेक्षा तो दाब किती स्थिर ठेवतो, हे विचारा.

कॉम्प्रेसरमधला पिस्टन हवा ठोक्याठोक्याने ढकलतो. हवा साठवणारी टाकी नसेल तर ते ठोके थेट ब्रशपर्यंत जातात आणि बारीक रेघ कुठे जाड, कुठे पातळ उमटते. 3 लिटरची छोटी टाकीसुद्धा हे ठोके बऱ्यापैकी गिळते. शिवाय टाकी भरली की मोटर आपोआप बंद होते, तिला थंड व्हायला उसंत मिळते. दाब कमी-जास्त करणारा रेग्युलेटर तर हवाच. त्यावरचा दाब मात्र ट्रिगर दाबून, हवा वाहत असताना लावायचा. कारण हवा सुटू लागली की काटा खाली येतो. आणि कॉम्प्रेसरवर छापलेले ‘लिटर प्रति मिनिट’ बहुतेकदा दाब नसतानाचे असतात, त्यावर फार भुलू नये.

आता पाणी. टाकीत 4 बारपर्यंत (1 बार म्हणजे साधारण वातावरणाइतका दाब) हवा भरली, म्हणजे वातावरणाचा दाब धरून ती पाचपट दाबली गेली. बाहेरची आर्द्रता 20 टक्क्यांहून जास्त असेल, तर ही तापलेली हवा पुन्हा थंड होताना जास्तीची वाफ पाणी होऊन बसते. हे पाणी टाकीच्या तळाशी साचतं, म्हणून काम संपल्यावर खालचा व्हॉल्व्ह उघडून ते काढायचं. काही वाफ नळीत गेल्यावर थंड होते आणि ऐन रंगकामात थुंकल्यासारखा थेंब पडतो. कॉम्प्रेसरवर पाणी अडवणारा मॉइश्चर ट्रॅप असला तरी ब्रशच्या मुठीपाशी आणखी एक छोटा ट्रॅप लावलेला बरा. सुरुवातीला कॉम्प्रेसरऐवजी वापरायचे दाबाचे कॅन स्वस्त वाटतात, पण आतला द्रव वायू होताना कॅन गार पडतो आणि दाब उतरत जातो. त्यावर शिकणं म्हणजे नसता मनस्ताप.

ब्रशची निवड त्यामानाने सोपी आहे. डबल अ‍ॅक्शन, वर कप असलेला ग्रॅव्हिटी फीड आणि 0.3 किंवा 0.4 मिलिमीटरचं नोझल घ्या. डबल अ‍ॅक्शनमध्ये ट्रिगर खाली दाबला की हवा, मागे ओढला की रंग. बोटांना सवय व्हायला वेळ लागतो, पण रंगाची मात्रा हातात राहते. कप वर असल्याने रंग स्वतःच्या वजनाने उतरतो आणि कमी दाबावरही भागतं. 0.2 चं नोझल कागदावर मोहक दिसतं, पण अ‍ॅक्रेलिक रंग त्यात भराभर सुकतो आणि मेटॅलिक रंगाचे कण अडकतात. प्रायमरचं (रंगाआधीच्या थराचं) काम जास्त असेल तर 0.5 सोयीचं. सुटे नोझल आणि सुया सहज मिळतात का, हे आधीच पाहून ठेवा. सुई पडली की टोक वाकतं आणि फवारा तिरका जातो.

मास्कचा खर्चही याच हिशेबात धरा. पाण्यातल्या अ‍ॅक्रेलिकला फारसा वास नसतो, म्हणून अनेकजण तो टाळतात. पण त्याचेही सूक्ष्म थेंब श्वासाबरोबर आत जातात. साधा धुळीचा मास्क फार तर थेंब अडवेल, लॅकर आणि थिनरची वाफ नाही. त्यासाठी सक्रिय कोळशाचं कार्ट्रिज असलेला रेस्पिरेटर आणि हवा बाहेर फेकणारा पंखा लागतो.