फोटो क्लाउडवर चढले म्हणजे कायमचे सुरक्षित?

"फोटो एकदा क्लाउडवर चढले की कायमचे राहतात, फोनमधले बिनधास्त डिलीट करा," असा संदेश वर्षानुवर्षे फिरतोय. यातलं अर्धं खरं आहे: फोन मांडवी नदीत पडला तरी क्लाउडवरची, म्हणजे इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरवर साठवलेली, प्रत शाबूत राहते. घोळ होतो तो डिलीट करताना.

गूगल फोटोज हे ॲप बॅकअपसोबत (क्लाउडवर प्रत ठेवण्यासोबत) सिंकही करतं, म्हणजे एकीकडे केलेला बदल दुसरीकडेही करतं. त्या ॲपमध्ये चवथीच्या माटोळीचा (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या सजावटीचा) फोटो डिलीट केला, की तो फोनमधून जातो आणि क्लाउडवरूनही. ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतो, नंतर परत मिळत नाही. फक्त फोनमधली जागा मोकळी करायची असेल तर 'फ्री अप स्पेस' वापरा. त्याने बॅकअप झालेल्याच फोटोंची फोनमधली प्रत निघते.

अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचं फोल्डर सहसा आपोआप बॅकअपमध्ये नसतं, सेटिंगमध्ये चालू करावं लागतं. बरेच जण इथेच फसतात. गूगल खात्याची १५ जीबीची मोफत जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज मिळून असते. ती भरली की नवे फोटो चढत नाहीत. खातं २ वर्षं वापरलंच नाही, तर आतलं सगळं काढून टाकलं जाऊ शकतं.

पडताळायचं असेल तर संगणकाच्या ब्राउझरमध्ये त्याच खात्याने लॉगिन करून कालचा एखादा फोटो शोधा. तिथे दिसला तरच तो क्लाउडवर आहे. लग्नामुंजीचे फोटो 'गूगल टेकआउट' या गूगलच्या डेटा डाउनलोड करायच्या सेवेतून उतरवून हार्ड डिस्कवरही ठेवा. पावसाळ्यात गोव्याची हवा फार दमट, तेव्हा ती डिस्क सिलिका जेलच्या पुडीसकट हवाबंद डब्यात ठेवलेली बरी.