डाउनलाइट : घरातील आणि उघड्यावरील निवड

डाउनलाइट म्हणजे छतात बसवलेला आणि प्रकाश मुख्यतः खाली टाकणारा दिवा. फॉल्स सीलिंगला भोक पाडून आत बसवतात तो रिसेस्ड, आणि जिथे नुसता स्लॅब आहे तिथे खालून स्क्रूने लावतात तो सरफेस, बहुधा नळकांड्याच्या आकाराचा. आज बाजारात मिळणारे बहुतेक सगळे एलईडीचे असतात. समोर दिसणारी कडी, आतला रिफ्लेक्टर किंवा दुधी डिफ्यूझर, एलईडीची चिप, तिच्या पाठीशी उष्णता बाहेर टाकणारा ॲल्युमिनियमचा हीट सिंक, भोकात घट्ट धरून ठेवणाऱ्या स्प्रिंग क्लिपा आणि चिपला हवा तेवढाच प्रवाह पुरवणारा ड्रायव्हर, एवढाच हा संच. तरीही दिवे लागल्यावर खोली मनासारखी उजळत नाही, कारण बहुतेक वेळा छताच्या नक्षीकडे पाहून जागा ठरवल्या जातात आणि खाली प्रकाश कशावर पडायला हवा हे कोणी विचारत नाही.

प्रकाश किती

वॅट म्हणजे दिवा खातो ती वीज. देतो तो प्रकाश लुमेनमध्ये मोजतात आणि पृष्ठभागावर पडतो तो लक्समध्ये. १ लुमेन १ चौरस मीटरवर पसरला की १ लक्स. बसण्याच्या खोलीत साधारण १०० ते १५० लक्स पुरतात, ओट्यावर आणि लिहिण्याच्या टेबलावर ३०० ते ५०० लागतात. ४ × ३ मीटरची, म्हणजे १२ चौरस मीटरची खोली घ्या. १५० लक्ससाठी खाली १,८०० लुमेन पोहोचायला हवेत. पण काही प्रकाश भिंती शोषतात, काही धुळीने आणि वयाने घटतो. दिव्यातून निघालेल्या प्रकाशापैकी निम्मा हाती येतो असे धरले तर ३,६०० लुमेन लागतात. ६०० लुमेनचे ६ दिवे, ३ × २ अशा मांडणीत, हे काम करतील. लांबीच्या दिशेने दोन दिव्यांत १.३३ मीटर अंतर ठेवावे, रुंदीच्या दिशेने १.५ मीटर, आणि भिंतीपासून त्याच्या निम्मे. गडद भिंती असतील तर हिशेब आणखी सढळ करावा.

हा हिशेब सरसकट उजेडाचा झाला. ओट्याचे गणित वेगळे आहे. दिवा खोलीच्या मधोमध असेल तर ओट्याशी उभ्या माणसाची पाठ दिव्याकडे येते आणि त्याचीच सावली नेमकी विळी-सुरीखाली, चिरायच्या फळीवर पडते. अशा वेळी दिवे वाढवून उपयोग नाही, रांग पुढे सरकवावी लागते. ६० सेंटिमीटर खोल ओट्यासाठी ती साधारण ओट्याच्या पुढच्या कडेच्या वर असावी. वर भिंतीवरची कपाटे असतील तर त्यांच्या खाली एलईडी पट्टी लावणेच बरे.

झोत किती रुंद

झोतकोन म्हणजे मध्यापेक्षा तीव्रता निम्म्यावर येते त्या दोन बाजूंमधला कोन. दिव्यापासून २ मीटर खाली असलेल्या टेबलावर २४ अंशांचा झोत सुमारे ०.८५ मीटर रुंद पडतो, ३६ अंशांचा १.३ मीटर आणि ६० अंशांचा २.३ मीटर. चित्र किंवा जेवणाच्या टेबलाचा मध्य उठून दिसावा असे वाटत असेल तर अरुंद झोत. सगळ्या खोलीसाठी ६० अंश वा त्याहून रुंद. खोलीभर २४ अंशांचे दिवे लावले तर जमिनीवर उजेडाची वर्तुळे आणि मधे काळोख, असे दृश्य तयार होते.

भिंत सपाट व एकसारखी उजळायची असेल तर रुंद झोताचे दिवे भिंतीपासून ६० ते ९० सेंटिमीटरवर ठेवतात. दगडी किंवा खडबडीत भिंतीचा पोत दाखवायचा असेल तर अरुंद झोत अगदी भिंतीलगत, १५ ते ३० सेंटिमीटरवर. हीच मांडणी साध्या प्लास्टरवर केली तर गवंड्याच्या हाताची प्रत्येक उंचसखल जागा, पुट्टीचा प्रत्येक ओरखडा दिसू लागतो.

डोळे दिपणे हा या दिव्याचा खरा दोष. पलंगावर किंवा सोफ्यावर मागे रेलून बसलेल्याला चिप थेट दिसते. म्हणून बेडरूममध्ये चिप कडीच्या आत खोलवर, काळ्या किंवा मॅट रिफ्लेक्टरमागे असलेला दिवा घ्यावा आणि उशीच्या थेट वर एकही दिवा ठेवू नये. दिवा पंख्याच्या पात्यांच्या वर आला तर फिरत्या पात्यांच्या सावल्या खोलीभर थरथरतात. हे बसवण्याआधी छतावर पात्यांचा घेर आखून टाळता येते, नंतर नाही.

रंग

उजेडाची रंगछटा केल्विनमध्ये सांगतात. २,७०० ते ३,००० केल्विनचा उजेड पिवळसर व उबदार, ४,००० चा तटस्थ, ६,५०० चा निळसर पांढरा. बेडरूम व बैठकीत पहिला, कामाच्या जागी दुसरा शोभतो. एका नजरेत येणाऱ्या जागेत दोन वेगळे रंग मिसळले की खोली अस्वस्थ वाटते. सीआरआय, म्हणजे त्या उजेडात वस्तूंचे रंग किती खरे दिसतात याचा शंभरपैकी अंक, ८० हा किमान मानावा. अन्न, कपडे व चेहरे जिथे पाहायचे तिथे ९० किंवा अधिक. एकाच मॉडेलच्या दोन बॅचमध्येही रंगछटा थोडी वेगळी निघते, म्हणून सगळे दिवे एकदम घ्यावेत आणि त्याच बॅचचे दोन जादा ठेवावेत.

पाणी, धूळ आणि उघडी जागा

आयपी क्रमांकातला पहिला आकडा धूळ व घन वस्तूंपासूनचे संरक्षण सांगतो, दुसरा पाण्यापासूनचे. कोरड्या खोलीत आयपी २० चालतो. न्हाणीघरात टब वा शॉवरच्या वर, जमिनीपासून २.२५ मीटर उंचीपर्यंतच्या भागात निदान आयपीएक्स ४ लागतो (एक्स म्हणजे धुळीचा आकडा दिलेला नाही). व्यवहारात शॉवरवर आयपी ६५ घेणे शहाणपणाचे. पोर्च, छज्जा, गॅलरीसाठी आयपी ५४, पावसाचा सपकारा थेट येत असेल तर आयपी ६५.

इथे एक गोष्ट बारकाईने वाचावी. कित्येक दिव्यांवर आयपी ६५ लिहिलेले असते, पण ते फक्त समोरच्या बाजूचे असते. पाठ आयपी २० चीच. वरचा स्लॅब ठिबकत असेल तर पाणी पाठीकडून शिरते. तसेच दिवा जळताना आतली हवा तापून फुगते, विझल्यावर थंड होऊन आक्रसते आणि केबलच्या फटीतून दमट हवा ओढून घेते. काचेवर आतून दव धरणे ही त्याची पहिली खूण. उपाय म्हणजे केबलच्या जाडीला नेमका बसणारा ग्लँड, म्हणजे केबलभोवतीची फट बंद करणारी घट्ट कडी, आणि केबल दिव्यात शिरण्याआधी तिला खाली झोल देणे, म्हणजे पाणी तिथूनच टपकून जाते. समुद्राकाठी साधा स्टीलचा स्क्रू गंजतो. तिथे ३१६ दर्जाचे स्टेनलेस स्टील वापरावे. बाहेर उबदार रंग घ्यावा, निळसर पांढऱ्यावर किडे जास्त झेपावतात.

बसवणे आणि बिघाड

कटआउटचा, म्हणजे छतात पाडायच्या भोकाचा, व्यास दिव्याच्या कागदावर दिलेला असतो. कडी भोकापेक्षा जेमतेम काही मिलिमीटरच मोठी असते, त्यामुळे ९० मिलिमीटरच्या जागी १०० चे भोक पाडले तर ते झाकले जात नाही. आधी मध्याला छोटे छिद्र पाडून वाकवलेली तार आत फिरवावी. छताच्या सांगाड्याचा चॅनल किंवा वायर लागली तर जागा सरकवावी. मगच होल सॉ, म्हणजे गोल भोक कापणारी करवत, चालवावी. भोकाच्या वर मोकळी जागा किती आहे ते मोजावे, आणि दिव्यावर तशी परवानगी नसेल तर उष्णतारोधक थर त्याच्यावर टाकू नये. उष्णता कोंडली की सर्वांत आधी ड्रायव्हरमधला कपॅसिटर जातो. ५०,००० तासांच्या आयुष्याचा दावा चिपचा असतो, ड्रायव्हरचा नव्हे.

वीज बंद करून आधी दिवा ड्रायव्हरला जोडावा, मग ड्रायव्हरला वीज द्यावी. चालू ड्रायव्हरला दिवा जोडला तर त्यात साठलेला विद्युतदाब एकदम चिपवर येऊन ती जळू शकते. डिमरवर, म्हणजे उजेड कमीजास्त करणाऱ्या बटणावर, दिवा थरथरत असेल तर ड्रायव्हर डिमेबल आहे का आणि डिमर त्याच जातीचा आहे का ते पाहावे. बटण बंद असूनही मंद उजेड राहतो तेव्हा बहुधा बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेले असते किंवा बटणातला छोटा निऑन दिवा तेवढा प्रवाह सोडत असतो. फेजची चूक असेल तर ती लगेच सुधारावी, कारण बटण बंद असतानाही दिव्यात वीज असते.

ड्रायव्हर बदलताना वॅट पाहून चालत नाही. जुन्यावर ३०० मिलिअँपिअर, २७–४२ व्होल्ट असे लिहिले असेल तर नव्याचा प्रवाह तेवढाच हवा आणि व्होल्टची कक्षा ती सामावणारी हवी. प्रवाह जास्त झाला तर दिवा काही दिवस झगझगीत दिसतो आणि मग चिप काळी पडते.